बाइट, संकेतबिंदू, अक्षर: ऑक भाषेची दुसरी आवृत्ती

ऑक ही प्रोग्रामिंग भाषा १९७७ साली जन्मली, तिच्या तिन्ही कर्त्यांनी मिळून लिहिलेला ग्रंथ १९८८ साली प्रसिद्ध झाला, आणि त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्याच तिघांच्या नावाने सप्टेंबर २०२३ मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी आली. ग्रंथाबरोबर भाषेचीही नवी आवृत्ती प्रसृत झाली, आणि तिच्यात मोठे म्हणावेत असे बदल अवघे दोन होते. जगातल्या सर्व लिप्यांतील मजकूर युनिकोडच्या आधारे वाचण्याची क्षमता हा एक. आणि स्वल्पविरामांनी विभागलेल्या तक्त्यांच्या ज्या फाइलींना सीएसव्ही म्हणतात, त्या बिनचूक वाचण्याची सोय हा दुसरा. संगणकाच्या क्षेत्रात पस्तीस वर्षांत बहुतेक साधने एक तर नामशेष होतात, नाही तर वाढत वाढत इतकी अवाढव्य होतात की त्यांच्या कर्त्यांनाही ती ओळखू येऊ नयेत. ऑकच्या बाबतीत यांपैकी काहीच घडले नाही, आणि ते का घडले नाही याचा विचार करण्याजोगा आहे. देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने तर पहिल्या बदलाचे महत्त्व विशेष आहे, कारण यंत्राने अक्षर कशाला म्हणावे याचे उत्तरच त्याने बदलले, आणि हे नवे उत्तर मराठी वाचकाच्या उत्तराच्या जवळ आले असले तरी त्याच्याशी पुरते जुळलेले नाही. प्रस्तुत व्याख्यानाचा भर मुख्यतः या अंतरावर आहे.

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे असलेल्या बेल प्रयोगशाळेत आल्फ्रेड एहो, पीटर वाइनबर्गर आणि ब्रायन कर्निहॅन यांनी ही भाषा रचली आणि आपल्या आडनावांची आद्याक्षरे जोडून तिचे नाव ठेवले. तिघांच्या आस्था वेगवेगळ्या होत्या. मजकुरातून विशिष्ट घडणीच्या ओळी शोधून काढण्याच्या तंत्रात एहो यांचे प्रभुत्व होते, वाइनबर्गर यांना माहितीच्या साठ्यांवर प्रक्रिया करण्यात रस होता, आणि मजकूर-संपादकाला प्रोग्रामची शक्ती कशी देता येईल या प्रश्नाकडे कर्निहॅन यांचे लक्ष होते. एहो यांना पुढे संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार २०२० सालासाठी जेफ्री उलमन यांच्यासह मिळाला; कर्निहॅन हे डेनिस रिची यांच्यासह लिहिलेल्या सी भाषेवरील ग्रंथामुळे जगभरच्या विद्यार्थ्यांना परिचित आहेत. अशा तिघांनी घडवलेली भाषा असूनही, किंवा कदाचित म्हणूनच, ती विलक्षण लहान राहिली.

भाषेची रचना एका कल्पनेवर उभी आहे. ऑकचा प्रोग्राम म्हणजे नमुना आणि कृती यांच्या जोड्यांची मालिका असते. समोर आलेली फाइल ऑक स्वतःच ओळीओळीने वाचते, प्रत्येक ओळीला रेकॉर्ड म्हणते, रिकाम्या जागेवरून तिचे तुकडे पाडते, त्या तुकड्यांना फील्ड म्हणून क्रमांक देते, आणि ज्या नमुन्यात ती ओळ बसते त्याची कृती पार पाडते. डॉलरच्या चिन्हापुढे १ लिहिले की पहिले फील्ड, २ लिहिले की दुसरे. दूधसंस्थेच्या नोंदींची एखादी फाइल असेल, तिच्या प्रत्येक ओळीत सभासदाचे नाव, लिटर आणि दर असेल, तर दुसरे फील्ड गुणिले तिसरे फील्ड ही रक्कम पहिल्या फील्डच्या, म्हणजे नावाच्या, खात्यात मिळवत जा, एवढे एका ओळीत सांगता येते, आणि फाइल संपल्यावर सर्व खाती छापा, हे दुसऱ्या ओळीत. फाइल उघडणे, ओळ वाचणे, तुकडे करणे, चलाचा प्रकार आधी जाहीर करणे, बेरजेचा आरंभ शून्यापासून करणे, यांपैकी काहीही लिहावे लागत नाही. नावाने खाते उघडणारी ही जी सोय आहे तिला असोसिएटिव्ह ॲरे म्हणतात; साध्या ॲरेत स्थान क्रमांकाने ठरते, येथे ते कोणत्याही शब्दाने ठरते. मजकुराच्या अभ्यासकाला या एका सोयीने जेवढे दिले तेवढे भाषेच्या दुसऱ्या कोणत्याही अंगाने दिलेले नाही, कारण शब्दसूची, वारंवारिता आणि संदर्भसूची ही सर्व कामे मुळात शब्दाला खाते उघडण्याचीच कामे आहेत.

१९७९ साली युनिक्स या संगणकप्रणालीच्या सातव्या आवृत्तीबरोबर ऑक बाहेर पडली, १९८५ मध्ये तिच्यात वापरकर्त्याला स्वतःची फंक्शने लिहिता येऊ लागली, आणि त्या सुधारित रूपाचे वर्णन १९८८च्या ग्रंथात आले. तिच्या स्वतंत्र आवृत्त्याही निघाल्या. ग्नू प्रकल्पासाठी पॉल रूबिन यांनी १९८६ मध्ये सुरू केलेली गॉक पुढे अरनॉल्ड रॉबिन्स यांनी दीर्घकाळ सांभाळली. माइक ब्रेनन यांची मॉक वेगासाठी प्रसिद्ध झाली आणि डेबियन व उबुंटू या प्रणालींच्या मूळ मांडणीत तीच असते. मूळ कर्त्यांच्या वंशातील आवृत्ती ॲपलच्या मॅक संगणकांत आणि बीएसडी कुळातील प्रणालींत नांदते. पॉझिक्स या प्रमाणीकरणातही ऑकला स्थान मिळाले, त्यामुळे युनिक्सच्या परंपरेतला कोणताही संगणक घेतला तरी त्यात ही भाषा सापडतेच. लॅरी वॉल यांनी १९८७ मध्ये पर्ल ही मोठी भाषा पुढे आणली, तेव्हा ऑकचे अनेक गुण तिच्यात सामावून घेतले आणि ऑकचे प्रोग्राम पर्लमध्ये बदलून देणारे साधनही सोबत दिले. त्यानंतर ऑकची गरज उरणार नाही असे अनुमान कोणी काढले असते तर ते अवास्तव ठरले नसते. प्रत्यक्षात एका ओळीच्या कामासाठी लोक ऑककडेच येत राहिले.

या सर्व काळात ऑकच्या पोटात एक गृहीत दडलेले होते: एक अक्षर म्हणजे एक बाइट. बाइट म्हणजे आठ द्विमान अंकांचा संच, ज्याची २५६ वेगवेगळी रूपे होऊ शकतात. इंग्रजी लिपी, अंक आणि विरामचिन्हे यांसाठी ठरलेल्या आस्की या संकेतावलीला तर त्यातली १२८च पुरतात. हे गृहीत केवळ सवयीचे नव्हते, ते यंत्रणेच्या रचनेत विणलेले होते. मजकुराच्या घडणीचे वर्णन करणाऱ्या चिन्हभाषेला रेग्युलर एक्स्प्रेशन म्हणतात, आणि असे वर्णन मजकुराशी ताडून पाहण्यासाठी ऑकमध्ये एहो यांच्या पद्धतीचे एक परिमित यंत्र बांधले जाते. या यंत्राच्या मोजक्या अवस्था असतात, मजकुरातले प्रत्येक अक्षर वाचले की यंत्र एका अवस्थेतून दुसरीत जाते, आणि कोणत्या अवस्थेत कोणते अक्षर आले तर कोठे जायचे याचा तक्ता आवश्यकतेनुसार भरत नेला जातो. मजकूर कितीही गुंतागुंतीचा असो, प्रत्येक अक्षर एकदाच पाहावे लागते, आणि ऑकच्या वेगाचे हे एक मोठे कारण आहे. या तक्त्याला दर अवस्थेमागे साधारण २५६ रकाने होते, कारण अक्षरे तेवढीच असू शकतात असे मानलेले होते.

देवनागरी या हिशेबात कोठे बसत होती? भारतात १९९१ मध्ये इस्की हे प्रमाण ठरले, ज्यात भारतीय लिप्यांना बाइटच्या वरच्या १२८ जागा दिल्या होत्या. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावरूनच घेतली गेली. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो, ज्याला येथे संकेतबिंदू म्हटले आहे. स्वर, व्यंजने, मात्रा, अनुस्वार आणि हलन्ताचे चिन्ह या सर्वांना स्वतंत्र संकेतबिंदू आहेत. हे क्रमांक बाइटांत कसे लिहायचे याची सर्वांत यशस्वी रीत म्हणजे यूटीएफ-८, आणि तीही बेल प्रयोगशाळेतच, केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये योजली. तिच्यात आस्कीची चिन्हे पूर्वीप्रमाणे एकाच बाइटात राहतात, देवनागरीच्या प्रत्येक संकेतबिंदूला तीन बाइट लागतात, आणि त्या तिन्हींपैकी एकही बाइट आस्कीच्या कोणत्याही चिन्हाशी सारखा नसतो.

या शेवटच्या गुणाचे मोल फार मोठे आहे. रिकामी जागा, ओळीचा शेवट, स्वल्पविराम ही विभागणीची चिन्हे आस्कीतली असल्यामुळे ती मराठी शब्दाच्या पोटात चुकूनही सापडत नाहीत, आणि म्हणून देवनागरीची कसलीही जाणीव नसलेली जुनी ऑकसुद्धा मराठी मजकुराच्या ओळी आणि शब्द अचूक वेगळे करत असे, प्रत्येक शब्दाला खाते उघडून त्याची वारंवारिता बरोबर मोजत असे. एखाद्या मराठी ग्रंथाची शब्दसूची करणाऱ्याला दुसऱ्या आवृत्तीची वाट पाहण्याचे कारण नव्हते. शब्दाच्या आत शिरायची वेळ आली की मात्र हे सर्व कोसळत असे. 'मराठी' या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर १५ येई. त्याची पहिली दोन अक्षरे मागितली तर 'म'च्या तीन बाइटांपैकी दोन हाती येत, म्हणजे कोणत्याही लिपीत न वाचता येणारा एक भग्न तुकडा.

याहून घातक चूक रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये होई, कारण ती चूक म्हणून दिसतही नसे. चौकटी कंसात 'शून्य ते नऊ' असा देवनागरी अंकांचा पल्ला लिहिला, तर त्याचा अर्थ या दहा अंकांपैकी कोणताही एक, असा व्हायला हवा. देवनागरी शून्य हे २२४, १६५, १६६ या तीन बाइटांनी लिहिले जाते आणि नऊ हे २२४, १६५, १७५ या तीन बाइटांनी. बाइटलाच अक्षर मानणारी ऑक या कंसात सहा सुटी अक्षरे आणि मध्ये पल्ल्याची रेघ पाहते, रेघेच्या डावीकडे १६६ आणि उजवीकडे २२४ असल्यामुळे १६६पासून २२४पर्यंतचा कोणताही बाइट चालेल असा अर्थ लावते, आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असल्यामुळे मराठीतली प्रत्येक ओळ तिला अंक असलेली ओळ वाटते. प्रोग्राम थांबत नाही, तक्रार करत नाही, उत्तर देतो, आणि ते उत्तर संपूर्ण खोटे असते. इंग्रजीत काम करणाऱ्यांना पस्तीस वर्षांत जी अडचण बहुधा जाणवली नसेल, ती मराठीत पहिल्याच दिवशी समोर उभी राहत होती.

गॉकने या प्रश्नाची दखल बऱ्याच आधी घेतली होती, परंतु तिचे उत्तर लोकेलवर, म्हणजे संगणकाला सांगितलेल्या भाषा-प्रदेशाच्या मांडणीवर, अवलंबून होते. मांडणी चुकली की तीच गॉक पुन्हा बाइट मोजू लागे. मूळ वंशातील आवृत्तीत हा बदल २०२२ मध्ये स्वतः कर्निहॅन यांनी केला. त्या वेळी ते ऐंशी वर्षांचे होते आणि प्रिन्स्टन विद्यापीठात अध्यापन करत होते. सर्व मजकूर यूटीएफ-८च आहे असे त्यांनी धरले आणि लोकेलचा प्रश्न त्यातून वगळला. लांबी, तुकडा, शोध आणि छपाईची रुंदी या सर्व मोजण्या संकेतबिंदूंवर आणल्या, आणि संकेतबिंदूचा क्रमांक देऊन ते चिन्ह लिहिण्याची सोयही ठेवली.

सर्वांत अवघड भाग अर्थातच एहो यांच्या यंत्राचा होता. युनिकोडमध्ये शक्य असलेल्या संकेतबिंदूंची संख्या ११,१४,११२ आहे. प्रत्येक अवस्थेमागे तेवढे रकाने ठेवले तर शंभर अवस्थांच्या साध्या यंत्रालाही अकरा कोटींहून अधिक घरे लागतील आणि त्यातली जवळजवळ सर्व रिकामी राहतील. म्हणून अखंड तक्ता सोडून देण्यात आला आणि प्रत्येक अवस्थेपाशी, प्रत्यक्ष मजकुरात जी अक्षरे आली तेवढ्यांचीच यादी ठेवण्याची रीत स्वीकारली गेली. तक्त्यातील घर थेट गाठण्याऐवजी यादीत शोध घ्यावा लागतो, त्यामुळे थोडा वेग खर्ची पडतो. पण हा व्यवहार योग्यच होता, कारण चुकीचे उत्तर लवकर मिळण्याला काही अर्थ नसतो. वयाची ऐंशी वर्षे पूर्ण झाल्यावर, आपण चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी सहकाऱ्यांसह बांधलेल्या यंत्रणेच्या पायापर्यंत जाऊन तिचे मूळ गृहीत दुरुस्त करणे, आणि ते करताना जुन्या प्रोग्रामांना शक्यतो धक्का न लावणे, ही विद्वत्तेच्या इतिहासात नोंदवून ठेवावी अशी गोष्ट आहे.

दुसऱ्या बदलाची कहाणी तुलनेने सरळ आहे. सीएसव्ही फाइलीत फील्डे स्वल्पविरामाने विभागलेली असतात, आणि ऑकला विभाजक म्हणून स्वल्पविराम सांगणे प्रथमपासून शक्य होते. अडचण येते ती फील्डच्या आतच स्वल्पविराम असतो तेव्हा. अशा वेळी ते फील्ड दुहेरी अवतरणचिन्हांत घालतात, आणि आत अवतरणचिन्हच हवे असेल तर ते दोनदा लिहितात. २००५ च्या आरएफसी ४१८० या दस्तऐवजात ही प्रथा लिहून ठेवलेली आहे. भारतातल्या फाइलींत हा प्रसंग वरचेवर येतो, कारण पत्ता स्वल्पविरामांशिवाय लिहिला जात नाही, आणि सव्वा लाख ही रक्कम '१,२५,०००' अशी लिहिली की तिच्यात दोन स्वल्पविराम येतात, म्हणजे जुनी ऑक एका रकमेची तीन फील्डे करते आणि पुढचे सर्व क्रमांक दोनांनी सरकतात. गॉकमध्ये फील्डचा विभाजक न सांगता फील्डच्या घडणीचेच वर्णन देण्याची एक युक्ती होती, तर बेन हॉइट यांनी गो भाषेत लिहिलेल्या गोऑकने २०२२ मध्ये सीएसव्हीची सोय दिली आणि स्तंभाच्या शीर्षकाने फील्ड मागण्याची मुभाही दिली. मूळ ऑकने यातले कमीत कमी घेतले. सीएसव्ही असा पर्याय देऊन प्रोग्राम चालवला की अवतरणचिन्हे आणि त्यांच्या आतले स्वल्पविराम व ओळखंड नीट वाचले जातात, इतकेच. शीर्षकाची ओळ इतर ओळींसारखीच मानली जाते आणि बाहेर लिहिताना अवतरणचिन्हे घालण्याचे काम प्रोग्राम लिहिणाऱ्यावरच सोपवलेले आहे. सव्वा लाखाचे फील्ड आता अखंड मिळते, पण ते इंग्रजी अंकांत लिहिलेले असले तरी त्याला संख्या म्हणून वापरले तर ऑक पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबते आणि त्याचे मूल्य एक धरते. स्वल्पविराम आधी काढून टाकावे लागतात. हा कमीपणा नव्हे. स्वल्पविराम कोठे हजार दाखवतो, कोठे लाख, आणि युरोपातील कित्येक देशांत तो दशांशचिन्ह म्हणून येतो, याचा निवाडा साधनाने परस्पर करणे धोक्याचे ठरले असते.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या गॉकच्या ५.३ या आवृत्तीने सीएसव्हीचा तोच पर्याय आणि संकेतबिंदू लिहिण्याची तीच रीत उचलली. गॉकचा स्वतःचा प्रवास मात्र अधिक विस्ताराचा आहे: २०११ च्या चौथ्या आवृत्तीत दोष शोधण्याचे साधन, २०१३ मध्ये कितीही अंकी संख्यांचे अंकगणित, २०१९ च्या पाचव्या आवृत्तीत नावांचे वेगवेगळे अवकाश, म्हणजे एका संग्रहातील फंक्शनाचे नाव दुसऱ्यातील नावावर आदळू नये अशी व्यवस्था, आणि २०२२ मध्ये एका खेपेची चले पुढच्या खेपेपर्यंत जपून ठेवणारी स्मृती. यांतील मोठ्या संख्यांच्या अंकगणिताबद्दल रॉबिन्स यांनी पुढे जाहीर केले की ही सुविधा 'पॅरोल'वर आहे, म्हणजे तिची देखभाल करणारे कोणी न राहिल्यास ती काढून टाकली जाऊ शकते. भाषेत सुविधा भरणे सोपे असते आणि तिचा संसार चालवणे कठीण, याचा एवढा प्रामाणिक कबुलीजबाब क्वचितच वाचायला मिळतो. या पार्श्वभूमीवर कर्निहॅन यांनी दोनच बदलांवर थांबणे हे अनुत्साहाचे नव्हे, निवडीचे लक्षण मानावे लागते. जे दोष भाषेच्या वापरकर्त्याला भाषेत राहून दूर करताच येत नव्हते, ते त्यांनी स्वतः दूर केले. जे दूर करता येत होते, ते वापरकर्त्यावर सोडले.

हीच कसोटी देवनागरीला लावली तर काय हाती येते? दुसऱ्या आवृत्तीत 'मराठी'ची लांबी ५ येते: म, र, काना, ठ, वेलांटी. मराठी वाचक मात्र त्यात तीन अक्षरे पाहतो. 'ज्ञानेश्वरी'च्या बाबतीत पूर्वीचे उत्तर ३३ होते, आताचे ११ आहे आणि वाचकाचे ४. 'मराठी'ची पहिली दोन अक्षरे मागितली तर 'मर' मिळते आणि 'रा'चा काना मागे राहतो. युनिकोडच्या परिभाषेत संकेतबिंदू आणि वाचकाला जाणवणारे अक्षर या भिन्न पातळ्या आहेत, आणि ऑक त्यांपैकी पहिलीवर थांबलेली आहे. छपाईच्या रुंदीतही हेच दिसते; स्तंभाला दहा जागा दिल्या तर ऑक दहा संकेतबिंदू मोजते, पण वरखाली बसणाऱ्या मात्रा पडद्यावर जागा व्यापत नसल्यामुळे मराठी नावांचे स्तंभ वाकडेच पडतात.

तरीही १५ आणि ५ यांत जो फरक आहे तो ५ आणि ३ यांत नाही. मात्रा, हलन्त आणि व्यंजन यांना ऑक आता वेगळे ओळखते, त्यामुळे अक्षरमोजणीचा नियम तिच्याच भाषेत दोन ओळींत सांगता येतो: हलन्ताचे चिन्ह आणि त्यापाठोपाठचे व्यंजन ही जोडी प्रथम गाळावी, मग सर्व मात्रा, अनुस्वार, विसर्ग आणि उरलेली हलन्ते गाळावीत, आणि जे राहील त्याची लांबी घ्यावी. 'ज्ञानेश्वरी'तून पहिल्या पायरीत ञ आणि व जातात, दुसरीत काना, मात्रा आणि वेलांटी, आणि ज, न, श, र ही चार व्यंजने शिल्लक राहतात. बाइट मोजणाऱ्या ऑकमध्ये 'कोणतेही व्यंजन' हा पल्लाच नीट लिहिता येत नसल्यामुळे हा नियम सरळपणे मांडणे अशक्य होते. ओवी वा अभंगाच्या चरणांतील अक्षरे मोजणे, अक्षरगणवृत्तांची तपासणी करणे, शब्दांच्या अंत्याक्षरांवरून यमकांची सूची करणे ही छंदःशास्त्राची कामे त्यामुळे या लहानशा साधनाच्या कक्षेत आली आहेत.

मराठीच्या काही अडचणी याहून खोल आहेत. 'दऱ्या' आणि 'दर्या' हे शब्द वेगळे आहेत आणि लेखनात त्यांचा भेद अर्ध्या 'र'च्या रूपाने दाखवला जातो. पण पहिल्या शब्दातला 'ऱ्' संगणकात तीन प्रकारे साठवलेला आढळू शकतो: 'ऱ' या स्वतंत्र संकेतबिंदूने, 'र' आणि नुक्ता यांच्या जोडीने, किंवा 'र', हलन्त आणि न दिसणारा एक जोडचिन्हाचा संकेतबिंदू यांनी. डोळ्यांना तिन्ही सारखेच दिसतात, आणि ऑक त्यांना तीन वेगळे शब्द समजून तीन खाती उघडते. कोणतीही शब्दसूची करण्याआधी ही तिन्ही रूपे एकाच रूपात आणणे आवश्यक आहे, आणि हे काम युनिकोडच्या सर्वसाधारण समीकरणाने पुरे होत नाही, कारण ते समीकरण पहिली दोन रूपे एक मानते, तिसरे मानत नाही. क्रमवारीचेही तसेच आहे. ऑक दोन शब्दांची तुलना बाइटांच्या क्रमाने करते, यूटीएफ-८ मध्ये हा क्रम संकेतबिंदूंच्या क्रमाशी जुळतो, आणि त्या क्रमात 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसलेला आहे, तर मराठी वर्णमालेत त्याचे स्थान 'ह'च्या नंतर आहे. देवनागरी अंकांना ऑक अंक म्हणून ओळखतच नाही. '१२५' ही संख्या तिच्या लेखी शून्य असते. येथे मात्र नवी आवृत्ती उपयोगी पडते, कारण शून्यापासून नऊपर्यंतचे देवनागरी अंक एका ओळीत लिहून त्यात एखाद्या अंकाचे स्थान विचारले, तर पूर्वी १, ४, ७ अशी तीन-तीनच्या उडीने उत्तरे येत आणि आता १, २, ३ अशी येतात. त्यातून एक वजा केला की अंकाचे मूल्य मिळते.

यूटीएफ-८च्या आधीच्या काळातले मराठी साहित्य हा आणखी एक मोठा विषय आहे. नव्वदच्या दशकात मुद्रणासाठी जे फाँट वापरले गेले त्यांतील अनेकांत प्रत्येक बाइट हा अक्षराचा एक दृश्य तुकडा होता, कोठे उभी रेघ, कोठे अर्धा 'श'. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असे, कारण ती आधी छापली जाई. अशा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे म्हणजे तुकड्यांचा तक्ता लावणे आणि नंतर वेलांटी व्यंजनसमूहाच्या पलीकडे नेऊन ठेवणे. यासाठी आत बाइट आणि बाहेर संकेतबिंदू अशा दोन्ही पातळ्यांवर काम करावे लागते, आणि येथे बाइटच मोजणारी मॉकसारखी आवृत्ती जुना मजकूर वाचण्यास अधिक योग्य, तर दुसरी आवृत्ती रूपांतरित मजकूर तपासण्यास योग्य ठरते.

ही सर्व कामे भाषेच्या कर्त्यांनी करायला हवी होती असे म्हणता येणार नाही. 'ळ' कोठे लावायचा, 'ऱ्' कोणत्या रूपात ठेवायचा, जोडाक्षराच्या शेवटी पाय मोडलेला असेल तर ते एक अक्षर धरायचे की नाही, हे निर्णय मराठीचे आहेत आणि ते मराठीच्या जाणकारांनीच घ्यायचे आहेत. ऑकमध्ये एका वेळी अनेक प्रोग्राम-फाइली जोडून चालवता येतात, त्यामुळे अक्षरे वेगळी करणे, 'ऱ्'ची तिन्ही रूपे एक करणे, प्रत्येक वर्णाला वर्णमालेतील क्रमांक देऊन तुलनेची किल्ली बनवणे आणि देवनागरी अंकांचे मूल्य काढणे अशी चार फंक्शने एका फाइलीत लिहून ठेवली, तर ती मूळ ऑक आणि गॉक या दोहोंत, गॉकला यूटीएफ-८चे लोकेल दिलेले असताना, एकही शब्द न बदलता वापरता येतील. गॉकमध्ये त्यांना स्वतःचा नामावकाशही देता येईल, पण मग ती फाइल मूळ ऑकमध्ये चालणार नाही, म्हणून आरंभी तो मोह टाळून फंक्शनांच्या नावांनाच एक समान उपसर्ग जोडणे अधिक सोयीचे आहे.